शहात्तर हिरवटच

३ सप्टेंबर

आजपासून नोंद ठेवायची. शास्त्रीय कामाला नोंद लागते. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे नम्रपणाची गरज नाही.

संकल्प: नोव्हेंबरच्या प्रदर्शनात माझं विमान टेबलावर असेल. मेसरश्मिट एकशेदहा. जर्मन, दुसऱ्या महायुद्धातलं, रात्री उडून शत्रूची बॉम्बर पाडणारं. अर्थात प्लॅस्टिकचं मॉडेल, एकास अठ्ठेचाळीस मापाचं. डबा उघडून नऊ वर्षं झाली हे खरं. आमच्या मॉडेल क्लबातले त्यावरून हसतात. हसोत बापडे. तुकडे काय, कुणीही चिकटवतं. मी रंगासाठी थांबलोय. रंग चुकला की ते विमान राहत नाही, खेळणं होतं.

५ सप्टेंबर

७६ नंबरचा रंग चार कंपन्या विकतात. चारही बाटल्या आणल्या. ७६ हा जर्मन हवाई मंत्रालयाने दिलेला नंबर. फिकट निळसर राखाडी, असं सगळी पुस्तकं एकमेकांचं बघून लिहितात. चार बाटल्या उघडल्या, चार रंग निघाले. एक दवाखान्याच्या भिंतीचा. एक नासलेल्या दुधाचा. एक निळा, म्हणजे लाज सोडून निळा. चौथा बरा होता, पण त्याचं झाकण चांगलं नव्हतं. शिसारी आली. चारही कपाटात ठेवून दिल्या.

हिला समजावून सांगितलं. सुरुवातीला जर्मनांनी ही विमानं काळी रंगवली, रात्री उडायचं म्हणून. पण काळं विमान रात्रीच्या आभाळापुढे उलट उठून दिसायचं. मग फिकट राखाडी केली, तेव्हा कुठे ती लपायला लागली. तर तो राखाडी नेमका कोणता, हा माझा विषय. हिने विचारलं, आत माणसं किती बसायची. म्हटलं, तीन. मग विचारलं, त्यांचं पुढे काय व्हायचं. म्हटलं, एक्झॉस्टच्या धुराने पंखांवरचा रंग काळवंडायचा. हिला मुद्दा सोडून विचारायची सवय आहे.

११ सप्टेंबर

ऑफिसात डोकं उठलं. आमची टाइल्सची कंपनी, मी तक्रार विभागात. आज एक बाई पिशवीत टाइल घेऊन आल्या. कॅटलॉगमध्ये मोतिया, बाथरूममध्ये पिवळी. मी शांतपणे बिल उलटं करून दाखवलं. छटेत थोडाफार फरक संभवतो, असं छापलेलं आहे. बाईंनी टाइल आणि कॅटलॉग माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून, जरा बघा तरी, अशी विनंती केली. मी बघितलं नाही. एकदा बघितलं की संपलं.

माणसं रंगाच्या बाबतीत इतकी किरकिरी का असतात, कळत नाही.

१४ सप्टेंबर, सकाळी

आला! पत्रा आला!

परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवला होता. किंमत हिला सांगितलेली नाही, स्वतःलाही पुन्हा सांगणार नाही. तळहातापेक्षा थोडा मोठा, वेडावाकडा फाटलेला तुकडा. शेतात पडलेल्या एका रात्रीच्या मेसरश्मिटचा, जमिनीतून काढलेला. एका बाजूला चिखल वाळून दगड झालाय. दुसरी बाजू बऱ्यापैकी स्वच्छ, आणि तिच्यावर रंग आहे. मूळ रंग.

आणि रंग आहे हिरवट! राखाडी, पण स्पष्ट हिरवट. म्हणजे सगळी पुस्तकं चूक. सगळ्या बाटल्या चूक. मला हे आतून माहीत होतं.

दुपारी

पद्धतशीर विचार केला. चिखलाची बाजू आतली, हे उघड आहे. चिखल आत साचतो. बाहेरची बाजू वाऱ्यापावसाने धुतली जाते. हिरव्या बाजूला रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, डोकी वर आलेली आहेत, बोटाला लागतात. विमानाचं अंग बाहेरून गुळगुळीत असायला हवं, पण युद्धाच्या शेवटी घाईघाईत ठोकाठोकी चालायची. त्यामुळे पत्रा शेवटच्या काळातला, असाही एक निष्कर्ष जाता जाता निघाला. एका तुकड्यातून किती माहिती मिळते! नजर पाहिजे.

हिने चिखल धुऊ का विचारलं. अंगावर काटा आला. इतिहास धुवत नाहीत. पत्र्याला हात लावायचा नाही, असं सांगून ठेवलं आहे.

२१ सप्टेंबर

क्लब. वाचनालयाच्या माळ्यावरची खोली, पंखा एकच, तोही सेक्रेटरीच्या डोक्यावर. मी पत्रा मखमलीवर ठेवून सगळ्यांना लांबूनच दाखवला आणि व्याख्यान दिलं. विषय: ७६ हिरवट होता, वाद संपला. चाळीस मिनिटं बोललो. शेवटी टाळ्या. काही जण आधीच वाजवत होते.

मग डेंटिस्ट उठला. हा माणूस वर्षाला सहा मॉडेलं करतो. बाटलीतला रंग, जसा आहे तसा, ढवळून मारतो. ढवळून! आणि दर वर्षी बक्षीस घेऊन जातो. त्याने हळू आवाजात विचारलं की पत्र्याची बाहेरची बाजू कुठली, हे कसं ठरवलं. असं गोड बोलायची दवाखान्यात सवय असते, इंजेक्शन लपवून. मी म्हटलं, दातांमध्ये बघताना बाहेरची बाजू कुठली असा प्रश्न पडतो का? सगळे हसले. तोही हसला, हे मला आवडलं नाही.

२६ सप्टेंबर

स्वयंपाकघराच्या खिडकीत प्रयोगशाळा. उत्तरेचा उजेड फक्त तिथेच येतो. पत्रा ओट्यावर, शेजारी रंगाच्या वाट्या. कार्डांवर नमुने काढून काचेवर चिकटवतो. हिरवट एक, हिरवट दोन, असं करत आज हिरवट बावीस. जुळलेला नाही, पण जवळ आलोय.

हिने खिडकी उघडायला हिरवट अकरा आणि बारा काढले आणि फ्रिजवर लावले. फ्रिजवर! तिथे बल्बचा पिवळा उजेड पडतो. दोन्ही नमुने बाद. हिला बोललो. ही म्हणाली की धूर बाहेर जायला हवा. धूर काय, उद्याही जाईल.

ही नंतर कपाटातल्या डब्यांबद्दल काही विचारत होती. मी हिरवट तेविसावर होतो. हं म्हटलं.

३ ऑक्टोबर

परदेशातल्या तज्ज्ञांच्या इंटरनेट ग्रुपवर माझा निष्कर्ष टाकला. फोटोसकट. एकाने फक्त हसरा चेहरा पाठवला. दुसऱ्याने लिहिलं की पत्रा उलटा धरलाय का ते बघ. दोघांना ब्लॉक केलं. खऱ्या संशोधकाला एकटंच राहावं लागतं.

८ ऑक्टोबर

हिचं हल्ली दुपारचं बहिणीकडे जाणं फार वाढलंय. माझी मेहुणी चार इमारती सोडून राहते. तिथे रोज काय एवढं बोलायचं असतं? संध्याकाळी येते ती हाताला साबणाचा वास, आणि आज अंगठ्याच्या नखाला काहीतरी निळं. विचारलं तर म्हणाली, धुतलं की जाईल.

जेवताना हिने विचारलं की रंगात थिनर किती घालायचा. विषय निघालाच होता म्हणून नीट सांगितलं. दुधाइतका पातळ, सायीइतका नाही. मग विचारलं, बारीक ठिपके मारायचे तर ब्रश चालतो का. चालत नाही, म्हटलं, पण गरिबाघरी काय, चालवून घेतात. हिने मान डोलावली. मला वाटतं, माझ्या कामाचा थोडा थोडा संस्कार होतोय. जेवण मात्र थंड होतं.

१२ ऑक्टोबर

सेक्रेटरीने मला बाजूला घेऊन यंदा रंगाचा परीक्षक व्हायची विनंती केली. कारण असं दिलं की दर वर्षी मी परीक्षकाशी तासभर वाद घालतो, हॉलचं भाडं तासावर असतं, त्यापेक्षा तूच हो. बोलायची पद्धत ओबडधोबड, पण मान तो मानच. लगेच हो म्हटलं.

परीक्षकाने स्वतः भाग घेणं बरं दिसत नाही. त्यामुळे माझं विमान यंदा नाही. वाईट वाटतंय. आणखी एक महिना मिळाला असता तर नक्की झालं असतं. संकल्पात बदल: पुढच्या वर्षी.

१९ ऑक्टोबर

डब्यांचं कपाट लावताना लक्षात आलं, एकशेदहाचा दुसरा डबा गायब. एक चुकला तर असावा म्हणून दोन घेतले होते. गेल्या महिन्यात नळवाला आला होता. त्याची नजर मला तेव्हाच आवडली नव्हती. पण नळवाला एकास अठ्ठेचाळीसचा डबा नेऊन करणार काय? मग आठवलं, त्याच आठवड्यात सेक्रेटरीही घरी चहाला येऊन गेला होता. जग कुठल्या थराला गेलंय. ओकारी येते.

हिला सांगितलं. ही एकदम भांडी घासायला उठली.

३० ऑक्टोबर

हिरवट एकेचाळीस. जुळला! पत्र्यावर ठेवला आणि दिसेनासा झाला. डोळ्यांत पाणी आलं. घरात सांगायला कुणी नव्हतं. ही बहिणीकडे. शेवटी ऑफिसात साहेबांना फोन केला. साहेबांनी विचारलं, आज तू रजेवर कशासाठी आहेस म्हणाला होतास?

९ नोव्हेंबर

पत्रा आज जागेवर थोडा तिरका होता. मखमल ओलसर. हिला दरडावून विचारलं, हात लावलास का. ओटा पुसला, म्हणाली. ओटा पुसायचा आणि पत्र्याकडे बघायचंही नाही, असं ठरलंय ना? यावर ही म्हणाली की तुम्ही त्याची दुसरी बाजू एकदा बघा. मी म्हटलं, बरं. पालथ्या घड्यावर पाणी. मखमल वाळवली.

१६ नोव्हेंबर, सकाळी

प्रदर्शन. जाकीट घातलं. हिरवट एकेचाळीसचं कार्ड वरच्या खिशात, पत्र्याबरोबर तपासलेलं. आज दूध का दूध. ही आणि मेहुणी नंतर येणार म्हणाल्या. नऊ वर्षांत ही एकदाही आली नव्हती. माझ्या हातात माईक असणार हे कळलं असावं.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी

लिहावंसं वाटत नाही. पण नोंद ती नोंद.

हॉलमध्ये लांब टेबलं, वर पांढरी चादर. मॉडेलांवर नावं नाहीत, नुसते नंबर. प्रत्येक परीक्षकाने टेबलांवरून फिरत माईकवर शेरे द्यायचे. एकाने रणगाडा चकचकीत केला होता, लग्नात मिरवायला न्यावा तसा. एकाच्या जहाजावर बोटाचा ठसा. डेंटिस्टचंच असणार असं एक बॉम्बर, नेहमीसारखं नीटनेटकं, नेहमीसारखं बाटलीतलं. त्याला दहापैकी चार दिले आणि कारण सविस्तर सांगितलं.

मग तेवीस नंबर. मेसरश्मिट एकशेदहा. रात्रीचं. माझंच विमान, कुणीतरी केलेलं. आणि रंग निळसर. फिकट, थंड, निळसर राखाडी. इतका ठाम, की जणू माझं व्याख्यान झालंच नाही. रक्त चढलं. माईक तोंडाजवळ घेतला. जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण हॉलमध्ये दोनजण फोनवर रेकॉर्ड करत होते आणि ते मला पाठवण्यात आलेलं आहे.

"हा ७६ नाही. हा बाथरूमचा रंग आहे. ज्याने हे केलंय त्याला डोळे आहेत, नजर नाही. आत तीन माणसं बसवलीत, त्यांच्यावर वेळ घालवलाय, आणि विमानावर काय फासलंय तर हे. अशा माणसाने फाटकं रंगवावीत. शून्य."

खिशातून हिरवट एकेचाळीस काढून पंखाशेजारी धरला. लोकांना फरक दिसावा म्हणून. मग सेक्रेटरीने, कशासाठी कुणास ठाऊक, तेवीस नंबर कुणाचा म्हणून विचारलं.

मागून आवाज आला. "माझं आहे ते."

ही. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती. शेजारी मेहुणी.

मी म्हटलं, तू? मग म्हटलं, तो डबा तुला कुणी दिला? ही म्हणाली, तुम्हीच, विचारलं तेव्हा हं म्हणालात. मेहुणी म्हणाली, "भावोजी, माईक चालू आहे."

हॉल हसला. मी जमिनीकडे बघितलं. फरशीही आमच्याच कंपनीची.

जोडणी आणि फिनिशिंगच्या परीक्षकांनी हिला भरपूर दिले होते. माझं शून्य धरून चौथी आली. बक्षीस तिसऱ्यापर्यंत. रंगाचे निम्मे जरी मिळाले असते तरी पहिली आली असती, हे सेक्रेटरीने मला येऊन सांगितलं, आणि पाणी पिऊन पुन्हा सांगितलं.

१७ नोव्हेंबर

हिने चहा दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडण्याला उत्तरं देता येतात.

शेवटी मीच म्हटलं, अगं, रागावलीस का? ही म्हणाली, नाही. मग कपडे घडी करता करता, माझ्याकडे न बघता बोलली. तेही जसंच्या तसं लिहितो.

"घरात तुम्ही बोलता ते याच्याबद्दलच बोलता. म्हटलं, आपल्याला थोडं कळायला लागलं तर दोघांना बोलायला काहीतरी होईल. बाकी काही नव्हतं."

मी म्हटलं, पण ७६ निळा कुठून काढलास? ही म्हणाली, तुमच्याच पत्र्यावरून. मागची बाजू ऑक्टोबरपासून थोडी थोडी धुतली. जुना टूथब्रश आणि ओलं फडकं. खाली रंग आहे. तुम्हाला सांगितलं होतं बघा म्हणून.

मी पत्रा आणला. उलटा केला. चिखलाचा अर्धा भाग गेलेला. खाली फिकट निळसर राखाडी.

१८ नोव्हेंबर

घाबरण्याचं कारण नाही. दोन शक्यता. एक: कारखान्यात पत्रा उलटा बसवला. शेवटच्या काळात कामगार दमलेले असत. दोन: साबणाने हिरव्याचा निळा झाला. दुसरी जास्त पटते. हिने साबण वापरला नव्हता म्हणते, पण हिच्या हाताला साबणाचा वास कायमच असतो.

१९ नोव्हेंबर

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ग्रुपवरच्या त्या दोघांना अनब्लॉक केलं. दुसऱ्याने शांतपणे उत्तर दिलं. अशा विमानांच्या आतल्या बाजूला हिरवट राखाडी अस्तर मारायचे, नंबर ०२. रिव्हेटची उठलेली डोकी आतल्या बाजूला असतात. बाहेरून गुळगुळीत.

घरी येऊन ०२ची बाटली उघडली. ती माझ्याकडे पहिल्यापासून आहे. हिरवट एकेचाळीसशेजारी एक ठिपका दिला. वाळल्यावर ठिपका सापडेना.

म्हणजे पत्र्याला दोन बाजू होत्या, एक आभाळाकडची आणि एक माणसांकडची, आणि मी दोन महिने खिडकीत उभा राहून विमानाच्या आतून बघत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. काखही हिची, कळसाही हिचा. स्वतःची इतकी किळस यापूर्वी एकदाच आली होती, साहेबांची बदली झाली म्हणून केलेल्या निरोप समारंभात मी भाषण केलं तेव्हा. साहेब त्यानंतर गेलेच नाहीत.

२२ नोव्हेंबर

सावरलो. शास्त्रज्ञाने नव्या पुराव्याचं स्वागत करायचं असतं. उद्या क्लबात जाहीर करतो. त्याआधी निळ्या बाजूवर अजून अर्धा चिखल आहे तो काढून अचूक नमुना घ्यायचा. टूथब्रश, फडकं हे बायकी उपाय. मी कापूस थिनरमध्ये बुडवून व्यवस्थित, गोलाकार पुसलं.

चिखल निघाला. रंगही निघाला. खाली चकचकीत पत्रा. घाबरून बाकीचंही पुसलं, काही उरलंय का बघायला. काही उरलं नाही. कापूस मात्र सुंदर निळसर होता. त्यावरून नमुना घ्यावा म्हणून खिडकीत ठेवला तर वाळून तपकिरी झाला.

हिने येऊन बघितलं. थिनर रंगही काढतो ना, तुम्हीच सांगितलं होतं, एवढंच म्हणाली.

२३ नोव्हेंबर

क्लब. उठून उभा राहिलो. मनात वाक्य तयार होतं: माझी चूक झाली, तेवीस नंबरचा रंग बरोबर होता. तोंडातून निघालं: माझ्या प्रयोगशाळेत एक नवीन पुरावा समोर आला असून ७६च्या दोन्ही मतांना आधार मिळतो. सेक्रेटरीने पंख्याचा वेग वाढवला.

मग कळलं की हिला क्लबाची मेंबर करून घेतलंय. ठराव डेंटिस्टचा. आणि तेवीस नंबर डेंटिस्टने मागून घेतलंय, दवाखान्याच्या वेटिंग रूममधल्या काचेच्या कपाटात ठेवायला. त्याने नीट विचारलं, म्हणून दिलं, असं ही म्हणाली. घरी कुठे ठेवणार होतो, कपाटं तर तुमच्या बंद डब्यांनी भरलेली आहेत. मी म्हटलं, मला विचारायचं होतंस. म्हणाली, तुम्ही हं म्हणाला असता.

मुद्दा असा, की पत्रा कोरा आहे. माझ्या माहितीत खरा ७६ आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे, आणि ते ठिकाण त्या माणसाच्या ताब्यात आहे.

२७ नोव्हेंबर

डेंटिस्टकडे जायला दात दुखावा लागतो. दुखतो असं फोनवर सांगितलं. चारची वेळ मिळाली.

वेटिंग रूम. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, जुनी मासिकं, लवंगेच्या औषधाचा वास. कोपऱ्यात कपाट. त्यात ते.

वरून ट्यूबलाइट. ट्यूबलाइटमध्ये ७६ बद्दल काहीही सांगता येत नाही. रिसेप्शनवरच्या मुलीला म्हटलं, दोन मिनिटं खिडकीत नेतो. ती म्हणाली की ज्यांनी केलंय त्यांनी हात लावू देऊ नका म्हणून सांगितलंय. मग काचेला नाक लावून नुसता बघत बसलो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

पंखांवर जांभळट राखाडी ठिपके, ब्रशने मारलेले, एकही दुसऱ्यासारखा नाही. नाकावर अँटेनाची शिंगं, केसाएवढी बारीक, सरळ. ती सरळ येणं अशक्य असतं. म्हणून तर मी अजून लावलेली नाहीत. आतल्या तिघांचे चेहरे वेगवेगळे. मागचा मान वळवून मागे बघतोय. प्रदर्शनात मी यातलं काहीच नीट पाहिलं नव्हतं, कार्ड काढण्याच्या घाईत होतो. हे काम सुंदर आहे. ही मेहुणीच्या डायनिंग टेबलावर रोज दुपारी बसून हे करत होती आणि मी घरी नळवाल्यावर संशय घेत होतो.

खाली छोटं कार्ड. त्यावर हिचं नाव. ते कुठे लिहिलेलं बघून बरेच दिवस झाले. घरी मी अगं म्हणतो, ऑफिसात घरची म्हणतो, या वहीत ही. लाइट बिल माझ्या नावावर येतं. काचेत माझा चेहरा दिसत होता आणि तो बघून मला लाज वाटली. वाटली म्हणजे, चांगलीच वाटली.

तेवढ्यात आत बोलावलं. कुठला दात? एक कुठलातरी दाखवला. डेंटिस्टने तो ठोकला, काही नाही. शेजारचा ठोकला आणि मी खुर्चीतून उठलो. अक्कलदाढ आतून पूर्ण किडलेली निघाली. बाहेरून काही कळत नाही, म्हणाला. काढावी लागली. त्याचे दोन्ही हात माझ्या तोंडात होते, मला एक शब्द बोलता येत नव्हता, आणि त्याला ७६ बद्दल काय वाटेल ते बोलता आलं असतं. तो काही बोलला नाही. विमानाबद्दल तर नाहीच. दुखतंय का, एवढंच विचारत राहिला.

घरी आल्यावर हिला तोंडात कापूस धरून कसंबसं सांगितलं की विमान पाहिलं. हिने विचारलं, कसं वाटलं?

मी म्हटलं, ट्यूबलाइटमध्ये सांगता येत नाही.

ही बरं म्हणाली आणि आत गेली. हे मी का म्हटलं? मला ते म्हणायचं नव्हतं. उद्या सकाळी पहिलं काम, हिला नीट सांगायचं. बाकी सगळं नंतर. हा संकल्प खरा.

३० नोव्हेंबर

तीन दिवस तोंड सुजून भोपळा. बोलता येत नाही. सांगायचं राहिलंय.

आज सकाळी सुचलं, लिहून द्यावं. कागद घेतला. लिहिलं: छान. पण छान फार ढोबळ. चहालाही आपण छान म्हणतो. खोडलं. अचूक लिहिलं. ते परीक्षकासारखं वाटलं. खोडलं. सुंदर लिहिलं, पण सुंदर नुसतं विमान नाही, तिघांचे चेहरे वेगळे सांगायला हवेत, अँटेना वेगळ्या. अप्रतिम थोडं जास्त होतं. सुरेख जुनाट. अगदी जवळ आलो होतो तेवढ्यात दाराचा आवाज झाला. ही क्लबात गेली. आज तिथे ही बाकीच्यांना ब्रशने ठिपके मारायला शिकवणार आहे.

संध्याकाळी

ही आली. कागद पुढे केला. हिने चष्मा लावला, कागद उजेडात धरला. सगळं खोडलेलं होतं. मी बोटाने कागदाकडे, मग हिच्याकडे दाखवलं. हिने पुन्हा बघितलं.

"काय आणायचंय ते नीट लिहा," म्हणाली, "दुकान आठला बंद होतं."